हाडानं मारलेली हाक

आमच्या ह्यांना कुणी "कसं काय?" विचारलं, की उत्तर ठरलेलं: "मजेत." मोटारसायकलवरून पडून नडगी मोडली, लातूरला नेऊन आत रॉड घातला, तेव्हाही हे स्ट्रेचरवर मजेतच होते.

कंधारला घरी आणलं आणि भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. चहा पिऊन पाहुणा उठला, की हेही कुबडी घेऊन उठत. त्याला फाटकापर्यंत पोचवलं नाही तर घराची अब्रू जाते, असं ह्यांचं म्हणणं. होता होता पाय सुजला, हाताला गरम लागायला लागला. विचारलं तर म्हणत, "काय न्हाई, ऊन लई हाय."

मी ह्यांचं ऐकलं नाही, सरळ लातूर गाठलं. तिथल्या डॉक्टरीणबाई वयानं आमच्या लेकीएवढ्या. रॉडपाशी जंतू शिरलेत, म्हणाल्या. हाड म्हणजे दगड नव्हे, त्यात जिवंत पेशी असतात. जंतू आले की त्या पेशी ओळखतात आणि रसायनं सोडून रक्तातल्या लढणाऱ्या पेशींना बोलावून घेतात. सूज आणि ठणका ही त्या हाकेचीच खूण. काही जंतू मात्र हाडाच्याच पेशीत दडून बसतात. लढाई लांबली, की त्याच हाकेनं हाड खाणाऱ्या पेशीही जोर धरतात आणि हाड पोखरलं जातं. जखम उघडून धुवावी लागेल, औषधं बरेच दिवस चालतील, आणि ठणका लपवलात तर पाय वाचवणं अवघड आहे, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं.

जखम धुऊन घरी परतताना गाडीत मी सुनावलंच, की तुमच्या हाडाला तुमच्याहून जास्त अक्कल आहे. चोर शिरला की ते ओरडतं तरी.

पुढं मुदखेडहून ह्यांचे थोरले भाऊ आले. त्यांच्यापुढं पाय लांब करून बसायचीसुद्धा ह्यांना चोरी. चहा झाला, भाऊ उठले, ह्यांचा हात कुबडीकडे गेला. मी दारातून बघत होते. हात कुबडीवरच थांबला.

"दादा, पाय लई ठणकून राहिलाय. मी न्हाई येत फाटकापर्यंत."

भाऊ परत खाली बसले, ह्यांच्या पायाशी. एवढ्या संसारात ह्यांच्या तोंडून मी हे पहिल्यांदाच ऐकत होते. आत जाऊन गॅसपाशी रडून घेतलं आणि पुन्हा चहा टाकला.