काढलेला पार्ट

वालचंदनगरला कारखान्यात मी तीस वर्षं फिटर होतो. मशीन पूर्ण उघडल्याशिवाय हात घालायचा नाही, आणि काढलेला जुना पार्ट ट्रेमध्ये ठेवून दाखवायचा, ही आमची रीत. पार्ट दाखवला नाही तर दुरुस्ती झाली असं कुणी मानायचंच नाही.

निवृत्तीनंतर हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. त्याआधी बारामतीत छातीचा फोटो काढला, तर उजव्या फुफ्फुसावर डाग. मग स्कॅन झाला, सुईने तुकडा काढून तपासला. कॅन्सरच निघाला, पण लहान, कुठे पसरलेला नव्हता.

पुण्याच्या डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. म्हणाल्या, "काका, फुफ्फुसाचा खालचा भाग आणि जवळच्या ग्रंथी काढायच्यात. छाती उघडून काढता येईल, नाहीतर बरगड्यांमध्ये तीन छिद्रं पाडून दुर्बिणीने. तुमच्या बाबतीत गुण सारखाच, छिद्रातून त्रास कमी."

"उघडा," मी म्हणालो. "हाताने चाचपून बघा."

बायको कन्हेरीच्या शेतकऱ्याची लेक, ती थोडीच गप्प बसते! "अवो, तुमी काय गिअरबॉक्स हाय व्हय?"

बाई हसल्या. मी मात्र चिडलो. भोकातून काढताना कणभर आत राहिलं तर? त्या भीतीने आठवडाभर मी घरात येईल त्याच्यावर खेकसत होतो.

पुढच्या भेटीत बाईंनी अशाच एका ऑपरेशनचं चित्रण दाखवलं. नुसत्या डोळ्यांना दिसली नसती अशी बारीक रक्तवाहिनी पडद्यावर बोटाएवढी दिसत होती. "आणि अडलंच, तर मी तिथल्या तिथे छाती उघडीन," त्या म्हणाल्या. "त्याचीही परवानगी आत्ताच द्या." हे मला पटलं. मी सही केली. बाहेर आल्यावर बायकोला बजावलं, "काढलेला पार्ट नीट बघून घे."

कोंबडी कापायची म्हटली तरी बायकोला बघवत नाही, शेजाऱ्यांकडे जाऊन बसते. तरी त्या दिवशी ती म्हणाली, "बघीन."

पुण्यात ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्या आल्या मी कूस चाचपली. एक नळी आणि लहान लहान तीन पट्ट्या. आनंद व्हायचा, तर मला वाटलं, काही न काढताच बंद केलं. दुरुस्तीपलीकडे गेलेलं मशीन आम्हीही आत हात न घालता झाकण लावून ठेवून द्यायचो.

बायको आत आली. माझं तोंड बघून तिने ओळखलं.

"निघालं समदं. ट्रेमधी आणून दावलं मला."

"बघितलंस?"

"व्हय. उलटं करून दावा म्हणलं. गाठ मधी हाय, कडंला न्हाय, बाईंनी बोट लावून सांगितलं."

मी रडलो. नळीमुळे रडतानाही दुखत होतं, तरी रडलो.

काही दिवसांनी रिपोर्ट आला. कडा स्वच्छ, ग्रंथींतही काही नाही. बाई वाचून दाखवत होत्या आणि मी मान डोलावत होतो, पण माझा जीव त्याआधीच भांड्यात पडला होता.

आता पूर्वीसारखा सायकलवरून बाजाराला जातो. कोंबडी आणतो, कलेजी मात्र आणत नाही. ट्रेमधला तो तुकडा बघितल्यापासून बायको तिला हात लावत नाही, आणि मीही पुन्हा कधी मागितली नाही.