हनीफचाचांनी कल्हई न करता दिलेली चकती

हनीफचाचांची आणि माझी पहिली भेट मतभेदाने झाली. जव्हारच्या महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवण्यासाठी मी नुकताच रुजू झालो होतो आणि घरचे पितळी पातेले कल्हईसाठी त्यांच्या दुकानी ठेवून आलो होतो. संध्याकाळी गेलो, तर पातेले जसेच्या तसे.

‘‘सर, बुडाला चीर आहे. पहिले झाळून घेऊ, मग कल्हई.’’

चीर दिसत नाही, पाणी गळत नाही. अर्थात चीर नाही, असे मी त्यांना रीतसर पटवू लागलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘‘काजळी बसून बुजलीय, म्हणून गळत नाही. मी वरून कल्हई केली तर तुम्हाला ती कधीच दिसणार नाही. म्हणूनच करत नाही.’’ माझा युक्तिवाद आकाराने निर्दोष होता. त्याचे एक गृहीतक तेवढे खोटे होते. पुढील तीस वर्षांत हे माझ्या बाबतीत त्यांच्यासमोर अनेकदा घडले.

चाचांच्या अमृतमहोत्सवी अंकासाठी त्यांच्या गुणांविषयी लिहावे, असे संपादकांनी सुचवले आहे. गुणांची यादी करणे अवघड नाही, पण यादीने काही सिद्ध होत नाही. शिवाय लिहायला बसलो की गेल्या उन्हाळ्यातले तीन दिवस डोळ्यांपुढे येतात आणि मी उठून येरझाऱ्या घालू लागतो. तेव्हा ते तीन दिवसच येथे मांडतो.

सुनंदा ही माझी जुनी विद्यार्थिनी. राहणार सूर्यमाळच्या एका पाड्यावर. तिच्या पाड्याच्या वर डोंगरात एक झरा आहे. चैत्र-वैशाखातही तो आटत नाही. त्याचे पाणी नळीने, पंपाशिवाय, पाड्यापर्यंत उतरेल असे तिचे म्हणणे होते. मध्ये डोंगराची एक सोंड आडवी येते, पाणी तिच्यावर चढणार नाही, असे पाहणी करणाऱ्या अभियंत्यांचे मत होते. ते गुरुवारी अखेरचे येणार होते. त्या दिवशी म्हणणे सिद्ध झाले नाही, तर पाडा त्या वर्षीच्या नळयोजनेच्या यादीतून वगळला जाणार आणि बायका आणखी एक उन्हाळा टँकरच्या मागे धावणार, हे उघड होते.

सुनंदाने डोंगराची शेकडो हवाई छायाचित्रे मिळवली होती. त्यांवरून डोंगराची मोजता येण्याजोगी प्रतिमा लॅपटॉपवर तयार करायची, तर यंत्र सलग सहा-सात तास चालायला हवे. जुन्या ग्राफिक्स कार्डाला ते काम झेपेना. तिचा लॅपटॉप जुन्या घडणीचा, जाडजूड. त्यात हे कार्ड सुटे असते. तिने अधिक ताकदीचे कार्ड मिळवून स्वतःच बसवले. काम सुरू झाले आणि दहा-बारा मिनिटांत यंत्र तापून आपोआप बंद पडले. पुन्हा सुरू केले, पुन्हा बंद. सोमवारी सकाळी ती मोखाड्यामार्गे जीपने निघाली आणि माझ्या ओटीवर येऊन बसली.

‘‘सर, काल दिवसभर हेच चाललंय. आता माझ्याच्यानं होत नाय.’’

मी पंख्याला दोषी ठरवले. उष्णता वाढली, पंखा तोच राहिला. म्हणून पंखा अपुरा. आम्ही टेबलपंख्याचा झोत यंत्रावर सोडला. यंत्र दोन मिनिटे अधिक चालले. मी बर्फाचा विचार करू लागलो होतो, यावरून माझी अवस्था ध्यानात यावी.

त्याच वेळी चाचा माझे पातेले घेऊन दारात आले. पत्नीच्या निधनानंतर मी स्वयंपाक करू लागलो, तेव्हापासून माझी भांडी न सांगता नेण्याचा त्यांचा परिपाठ आहे. ‘‘तुम्ही वाद घालाल आणि बिनकल्हईच्या भांड्यात आमटी कळकेल,’’ एवढेच त्याचे कारण ते देतात. उघडलेल्या यंत्रातली तांब्याची नळी दिसली, तसे ते पातेले हातात धरूनच खाली बसले.

‘‘हे तांबं काय करतं, बेटा?’’

‘‘चिपची गरमी ओढून पंख्याकडं नेतं, चाचा.’’

‘‘आणि हे मलम?’’

‘‘मधली जागा भरायला. नव्या कार्डाची चिप जरा ठेंगणी आहे, तांबं तिच्यापर्यंत पोचत नाय.’’

‘‘मग तांबं टेकलेलंच नाही,’’ चाचा म्हणाले. ‘‘भांडं चुलीवर अधांतरी धरलंस आणि मध्ये पीठ भरलंस. पंखा काय करील बिचारा?’’

मलम दोन पृष्ठभागांमधील सूक्ष्म खाचा भरण्यापुरते असते. ते सांध्याची जागा घेऊ शकत नाही. हे त्या वस्तूला प्रथमच पाहणाऱ्या माणसाने सांगितले. त्या फटीइतकीच जाड तांब्याची चकती करून देतो, असे म्हणून ते सुनंदाला घेऊन दुकानी गेले.

मंगळवारी दुपारी चकती आली. ती चांदीसारखी लखलखत होती. कडेने चिकटपट्टी लावून सुनंदाने ती बसवली. यंत्र अर्धा तास चालले. माझी आशा बळावली. आणि पडदा काळा झाला. सुनंदाने यंत्राची पाठ पुन्हा उघडायला घेतली. मी मात्र बोललो. उपाय फसला, तेव्हा निदानही फसले असावे, असे काहीसे.

‘‘सर, थांबा जरा. बेटा, काढ ती,’’ चाचा म्हणाले. चकतीवरच्या मलमाचा ठसा त्यांनी उजेडात धरला. एका कोपऱ्यात मलम दबून पातळ झाले होते, उरलेल्या भागात जाडच होते. त्यांनी चकतीवरून अंगठा फिरवला.

‘‘चूक माझी आहे. मी हिला कल्हई केली.’’

‘‘का पण, चाचा?’’

‘‘साठ वर्षांत नागडं तांबं गिऱ्हाइकाच्या हातात दिलं नाही. पोटात विष जाईल म्हणून. हात आपोआप कथलाकडे गेला. कापसाने पुसलेलं कथील कुठे जाड, कुठे पातळ. भांड्याला चालतं.’’

सुनंदा इतक्या वेळात प्रथमच हसली. ‘‘चाचा, ह्यात आमटी नाय करायची आपल्याला!’’

‘‘तेच तर! आणि सरांना विचारायला हवं होतं, ते रोज बघतात कळकलेली आमटी.’’

त्या दिवशी त्यांनी दुसऱ्या कुणाच्या भांड्याला हात लावला नाही. जाड काचेवर पॉलिश पेपर पसरून ते नवी, कोरी चकती घासत बसले. दुसऱ्या काचेवर काजळाचे बोट फिरवायचे, चकती त्यावर टेकवायची. जेथे काळे लागेल तो उंचवटा. तेवढाच पुन्हा घासायचा. मी दुकानात फेऱ्या मारत होतो.

‘‘सर, बसा. माझा हात हलतो.’’

मी बसलो.

‘‘पाय पण थांबवा.’’

बुधवारी सकाळी ती चकती बसली. दुकान बंद ठेवून चाचा दिवसभर माझ्या ओटीवर यंत्रापाशी बसून राहिले. ज्याचे काम आहे त्याच्या कामात वस्तू टिकल्याशिवाय ‘झाले’ हा शब्द ते उच्चारत नाहीत. दुपारी यंत्राच्या कडेने कढत वारा येऊ लागला. मी घाबरून बटणाकडे हात नेला. त्यांनी तो धरला.

‘‘येऊ द्या. आतलं बाहेर पडतंय. आधी बाहेर गार होतं आणि आत जळत होतं.’’

दिवस मावळण्यापूर्वी सोंडेचा उतार पडद्यावर पूर्ण उमटला. तिच्या अंगाला एक खिंड होती, झऱ्याच्या पातळीहून खाली. गुरुवारी अभियंत्यांनी ती प्रतिमा पाहिली, खिंडीपर्यंत चढून जाऊन स्वतः मोजणी केली आणि आपले मत बदलले. पाडा यादीत आला.

हा लेख लिहीत असताना नळीचे खोदकाम खिंडीपर्यंत पोहोचले आहे. पुढे खडक लागला आहे. मी दर बाजाराच्या दिवशी चौकशी करतो आणि दर वेळी तेच उत्तर ऐकून परततो. पाणी उतरेपर्यंत मला स्वस्थता लाभणार नाही, हे मान्य करतो.

चाचांनी कुणाकुणावर उपकार केले, याची साक्ष या अंकातील इतर लेख देतील. माझ्या मते त्यांची थोरवी याहून कठीण गोष्टीत आहे. साठ वर्षे बरोबर ठरलेली सवय एका प्रसंगी चुकीची आहे, हे त्यांनी एका ठशावरून ओळखले, मुलीच्या वयाच्या ग्राहकासमोर बोलून दाखवले आणि लगेच पुढचे काम हाती घेतले. आयुष्यभर मी अनुमानाचे नियम शिकवले. हे मला जमले नसते.

परवा सुनंदा आमंत्रण द्यायला आली होती. पाणी येईल त्या दिवशी पहिला हंडा चाचांनी भरावा, असे पाड्याने ठरवले आहे.

‘‘हंडा दे इकडे, कल्हई करून आणतो,’’ चाचा म्हणाले.

‘‘आमच्यात आता प्लास्टिकचेच हंडे, चाचा.’’

‘‘मग मी नुसता प्यायला येतो.’’

जीप पाड्याच्या खालीच थांबते. तेथून छातीवरचा चढ आहे. हनीफचाचांना निरामय दीर्घायुष्य लाभो. तो चढ त्यांनी कुणाचा हात न धरता चढावा आणि ओंजळभर पाणी पिऊन खाली यावे. त्यानंतरही पुष्कळ वर्षे त्यांनी माझी भांडी न विचारता न्यावीत. मी वाद घालणार नाही.