जित्ता शे, बरं का

समोरच्या घरातले नाना रात्री मशरूम खाऊन झोपले की दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत फिरून आपण जिवंत असल्याचं सगळ्यांना दाखवून यायचे. आंघोळ करून, पांढरी टोपी घालून एकेका दारापुढे उभं राहायचं आणि म्हणायचं, "जित्ता शे, बरं का." कोणी चहा दिला तर घ्यायचा, नाही तर पुढचं दार. माझ्याकडे ते शेवटी यायचे, कारण माझ्याकडे चहा हमखास मिळायचा. मी म्हणायचे, "दिसतंय मला. बसा." समोरच्या ओट्यावर त्यांची बायको, माई, तांदूळ निवडत हे सगळं ऐकत बसलेल्या असायच्या.

आमची गल्ली धुळ्यातली, जुनी. नाना एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. मूळचे दोंडाईच्याकडचे, त्यामुळे एरवी नीट पुस्तकी बोलायचे आणि खुशीत आले की अहिराणीवर उतरायचे. निवृत्त झाल्यावर पहिलं वर्ष त्यांनी घरातल्या चांगल्या चालणाऱ्या वस्तू खोलून दुरुस्त करण्यात घालवलं. पंखा झाला, मिक्सर झाला, माईंचं शिवणयंत्र झालं. शेवटी माईंनीच त्यांना कृषी प्रदर्शन बघायला पाठवलं, तेवढाच वेळ घरातल्या वस्तू वाचतील म्हणून. तिथून ते मशरूमचं बी घेऊन आले.

ते बी त्यांनी मला कौतुकानं दाखवलं. गव्हाचे दाणे आणि त्यावर पांढरी बुरशी. मी म्हटलं, "नाना, असले गहू मी उकिरड्यावर फेकते. तुम्ही पैसे देऊन आणले?"

"अक्का, तुम्ही फेकता ती बुरशी वेगळी, ही वेगळी."

"काय फरक?"

"ही खायची आहे."

त्या दिवशी त्यांना एवढंच माहीत होतं. मी चौथी शिकलेली बाई, मला तेवढंही माहीत नव्हतं.

गार आणि अंधारी जागा त्यांच्या घरात एकच, न्हाणीघर. नानांनी गव्हाचा भुसा रात्रभर भिजवला, लग्नातल्यासारख्या मोठ्या पातेल्यात अंगणातल्या चुलीवर उकळला, निथळवला. मग प्लॅस्टिकच्या पिशव्यांत एक थर भुशाचा, एक थर बियांचा असं भरून पिशव्या न्हाणीघरात दोरीला टांगल्या. खिडकीला ओलं गोणपाट. गल्लीभर गोठ्याचा वास. त्या दिवसापासून माई टॉवेल आणि साबणाची डबी घेऊन माझ्याकडे आंघोळीला यायला लागल्या आणि नाना ऐन थंडीत अंगणातल्या नळाखाली बसायला लागले. न्हाणीघरात जायचं तर चपला बाहेर, हात साबणानं स्वच्छ, आणि दार उघडण्याआधी ठोकायचं. मी विचारलं, "आत कोण बसलंय?" तर म्हणाले, "कोणी नाही. पण एकदम दार उघडलं तर वारा घुसतो." दार ठोकल्यावर वारा कसा थांबतो, ते मी विचारत बसले नाही.

पहिल्या पिशव्या हिरव्या पडल्या. नंतरच्या पिशव्यांना असा वास सुटला की माईंनी नाकाला पदर लावून त्या स्वतः बाहेर नेऊन टाकल्या. नाना म्हणाले, "गाडी पहिल्या सेल्फला सुरू होत नाही, अक्का." हे त्यांचं ठरलेलं वाक्य. भाकरी करपली तरी ते हेच म्हणायचे. पण ते नुसतं बोलून थांबणारे नव्हते. भुसा जास्त ओला राहतो हे त्यांच्या लक्षात आलं. मग ते मूठभर भुसा घेऊन पिळायचे आणि खाली एकही थेंब पडला नाही, तरच पिशवीत भरायचे. थंडी सरायच्या आत एका सकाळी अंगणातून ओरडले, "अक्का, बठ्ठं पांढरं व्हई गयं." मी जाऊन पाहिलं. सगळ्या पिशव्या आतून कापसासारख्या पांढऱ्या. त्यांना चिरा दिल्या, वर पाणी फवारलं, तशी आधी टाचणीच्या डोक्याएवढी टोकं आली आणि मग शिंपल्यांसारखे मोठे घोस. दिसायला छान होते, नाही म्हणत नाही. खावंसं मात्र वाटलं नाही.

खाणार कोण, हाच खरा प्रश्न होता. आमच्याकडे पावसाळ्यात उकिरड्यावर उगवते ती कुत्र्याची छत्री, आणि तिला हात लावला तर आई हातावर मारायची. गल्लीनं नानांच्या पिकालाही तेच नाव दिलं. पिठाची गिरणी चालवते ती सुशीला म्हणायची, "नाना, एवढं वय झालं, आता कशाला विषाची परीक्षा?" आमच्या गल्लीत सुशीलाच्या गिरणीत जे बोललं जातं तेच दळलेल्या पिठाबरोबर घरोघर जातं. माई माळकरी. त्यांनी मशरूम स्वयंपाकघरात येऊ दिले नाहीत. एक कढई आणि एक स्टोव्ह नानांना वेगळा काढून दिला आणि सांगितलं, "काय शिजवायचं ते अंगणात." नाना अंगणात शिजवायचे, एकटेच खायचे आणि सकाळी टोपी घालून निघायचे. जित्ता शे.

एकदा मोकाट गाय अंगणात शिरली आणि उन्हात वाळत घातलेली मशरूमची अख्खी परडी फस्त करून गेली. दुसरा कोणी असता तर काठी घेऊन धावला असता. नाना तिच्यामागे निघाले ते तिला हाकलायला नव्हे, ती कुठे बसते ते बघायला. मग रोज सकाळी आपल्याबरोबर तिचीही खबर. "गायसुद्धा जित्ती शे." सुशीला म्हणाली, "गाय काय, तिनं पोस्टर खाल्लं तरी तिला काही होत नाही."

उन्हाळ्यात मात्र भांडण झालं. धुळ्याचं ऊन आणि घरात कूलर एक. नानांनी तो ओढत नेऊन न्हाणीघराच्या दाराशी लावला. माईंनी एक दुपार पत्र्याखाली घाम पुसत काढली आणि म्हणाल्या, "नवरा मी केलाय, त्या पिशव्यांनी नाही." कूलर परत आला. उन्हाळ्यात पीक बंद, हे तेव्हापासून ठरलं.

दर हिवाळ्यात गल्लीची भरीत पार्टी असते. कपाशीच्या काड्यांच्या जाळावर हिरवी वांगी भाजायची, लाकडी बडगीत ठेचायची, आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर हाणायची. त्या वर्षी नाना मशरूमची टोपली घेऊन आले आणि वांग्यांशेजारी जाळावर मशरूम मांडले. लगेच चार जणांनी आपली वांगी उचलून दुसऱ्या बाजूला नेली. नाना हसले. आपले मशरूम आपणच मीठ लावून खाल्ले. पण घरी परत येताना ते माझ्याबरोबर हळूहळू चालत होते.

"अक्का, मी मशरूमनं मरणार नाही."

"मग नका मरू."

"पण कधीतरी मरणारच ना. त्या दिवशी गल्ली काय म्हणेल?"

"छत्री खाऊन मेला म्हणेल."

"तेच. मला म्हणू द्या, मी ऐकायला नसेन. पण माईला म्हणतील, तूच कढई काढून दिलीस. तिला ते सोसायचं नाही. तुम्ही तेवढं बघा."

मी म्हटलं, "आधी तुमचं होऊ द्या, मग बघू." बोलायची माझी पद्धत त्यांना ठाऊक होती. त्यांनी टोपी सारखी केली आणि म्हणाले, "म्हणजे बघाल."

पुढच्याच हिवाळ्यात गेले. पहाटे छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. डॉक्टरांनी हार्ट सांगितलं. त्यांच्या बापाचं आणि थोरल्या भावाचंही तसंच झालं होतं. पण आदल्या रात्री नानांनी अंगणात कढई चढवली होती, आणि तो वास गल्लीला आला होता.

राख सावडून झाल्यावर बायका दारावर बसायला आल्या. मी पिठलं-भाकरी घेऊन गेले होते. माई भिंतीला टेकून बसल्या होत्या. सुशीला वाईट बाई नाही, पण तिला गप्प बसवत नाही. ती शेजारणीला म्हणाली, "रात्री तेच खाल्लं होतं म्हणे. घरच्यांनी तरी अडवायला नको का?" हळू म्हणाली, पण गिरणीच्या आवाजात बोलायची सवय, सगळ्यांना ऐकू गेलं. माईंनी मान खाली घातली.

मी उठले. न्हाणीघरात गेले. दार ठोकलं, का ते मला माहीत नाही. आत पिशव्यांना घोस लटकलेले होते, दोन दिवस कोणी तोडायला नव्हतं. एक मोठा तोडला. नानांची कढई, नानांचा स्टोव्ह. लसूण ठेचला, लाल तिखट टाकलं, मीठ टाकलं. शिजल्यावर ताटलीत घेऊन भाकरीबरोबर सगळ्या बायकांच्या समोर बसून खाल्लं. मोठे घास घेतले. सुशीला माझ्या तोंडाकडे बघत होती, जणू मी आत्ताच आडवी होणार.

मी म्हटलं, "सुशीला, माझं वय नानांपेक्षा जास्त आहे. उद्या सकाळी दार उघडं ठेव."

चव विचाराल तर खरं सांगते, फार चांगली नाही, वाईटही नाही. लसणाची आणि तिखटाची चव लागली. जरा चामट. एवढ्यासाठी त्या माणसानं थंडीत नळाखाली आंघोळी केल्या, याचं मला नवल वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ केली, धुतलेलं लुगडं नेसले आणि गल्लीच्या पार टोकापासून सुरुवात केली. एकेका दारापुढे उभी राहिले आणि म्हटलं, "जित्ती शे, बरं का." दोन घरांत चहा मिळाला. सुशीलानं गिरणी बंद करून मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "अक्का, त्यात कांदा घालतात का हो?"

"का?"

"काही नाही. सहज."

शेवटचं दार माईंचं. त्या ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी उंबऱ्याशी उभी राहिले आणि तोंड उघडणार, तेवढ्यात माईंनी मान वर केली.

"दिसतंय मला," म्हणाल्या. "बसा."