कुंभी येते कुठून

“मॅडम, तलाव स्वच्छ झाल्याचा फोटो मी मागच्याच महिन्यात वर पाठवला. आता तुम्ही हे काय दाखवून राहिल्या?” साहेबांनी माझा मोबाइल टेबलावरून परत सरकवला. फोटोत कळमेश्वर रोडवरच्या तलावाचा काठ होता, आणि काठाला पुन्हा जलकुंभी.

मी वनस्पतिशास्त्र शिकले आणि नोकरीतली बहुतेक वर्षं ही एकच वनस्पती उपटण्यात घालवली. जलकुंभी, म्हणजे पुण्याकडची जलपर्णी. ती मूळची दक्षिण अमेरिकेतली. कोणीतरी जांभळ्या फुलांवर भाळलं आणि ती इकडे आली. तिकडे तिला खाणारे किडे आहेत, इकडे तिला मोकळं रान मिळालं. बाहेरून येऊन अशी माजणारी जी झाडं असतात, त्यांना आमच्या कामात ‘इन्व्हेजिव्ह’ म्हणतात.

या तलावात यमुनाबाई आणि गावातली सात-आठ घरं शिंगाडा लावतात. पावसाळ्याच्या सुरुवातीला वेल लावायचे, नवरात्राच्या सुमाराला तोडणी सुरू. शहरालगतच्या वाडी या गावाहून आणलेल्या ट्रकच्या ट्यूबवर बसून यमुनाबाई पाण्यात फिरतात. आदल्या वर्षी कुंभीनं वेलांचा उजेड अडवला आणि बहुतेक पीक कुजलं, बियाण्यालाही उरलं नाही. यंदाही तसंच झालं तर पाणी सोडून वाडीच्या गोदामात झाडू मारायला जायचं, असं त्यांनी मला सांगून ठेवलं होतं. वय साठीचं, आणि आयुष्य सगळं पाण्यात गेलेलं.

आदल्या वर्षी ऑफिसनं मशीन पाठवली होती. मशीन कुंभी कापते, आणि तुकड्याला एक कोंब राहिला तरी त्याचं नवं रोप होतं. हे मी साहेबांना तीनदा लिहून दिलं.

“कापलं म्हणजे संपलं ना?” साहेब म्हणाले.

“सर, ऊस कापला की संपतो का? खोडवा येतोच ना?”

“तुम्ही फार टेक्निकल बोलता.”

म्हणून यंदा उन्हाळ्यात आम्ही मशीन येऊच दिली नाही. गावकऱ्यांनी कुंभी हातानं, मुळासकट काढली आणि लांब नेऊन वाळवली. तलावात येणाऱ्या नाल्याच्या तोंडाला जाळी लावली. बियाणं नव्हतं, म्हणून मी ओळखीनं भंडाऱ्याकडच्या एका तलावातून शिंगाड्याचे वेल मिळवून दिले, टेम्पोसोबत स्वतः गेले. वेल छान लागले. आणि तीन आठवड्यांत कुंभी परत.

माझं डोकंच फिरलं. जाळी तपासली, ती धड होती. मशीनच्या ठेकेदाराला फोन करून विनाकारण झापलं. मग वाटलं, जवळच्या कॉलनीतले लोक निर्माल्यासोबत टाकत असतील. दोन सकाळी तलावाच्या घाटावर उभी राहून येईल त्याची पिशवी तपासली. एका आजोबांनी शांतपणे पिशवी उलटी करून दाखवली. आत झेंडूची फुलं होती. मला फार ओशाळल्यासारखं झालं, तरी दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेलेच.

तिसऱ्या दिवशी यमुनाबाई ट्यूबवरून काठाला आल्या.

“मॅडम, रागावू नका, एक सांगू का? टेम्पो जिथं खाली केला ना, कुंभी तिथूनच सुरू झाली. बाकी कुठंच नाही.”

वेल प्रवासात वाळू नयेत म्हणून पोत्यांवर तिथल्याच तलावातली ओली कुंभी पसरायची ही त्यांची जुनी रीत. तिच्यासारखा गारवा दुसऱ्या कशानं राहत नाही. काठावर आलं की वेल पाण्यात सोडायचे आणि वरचं पांघरूण तिथंच झटकायचं.

“आमी तं वेल कुठूनबी आनले तं असेच आनतो,” त्या म्हणाल्या. “तुमी बी तिथं उभ्याच होत्या.”

उभी होते एवढंच नाही. ऊन फार होतं, तेव्हा “आणखी टाका, वेल सुकतील” असं मीच म्हणाले होते. स्वतःच्या हातानं दोन ओंजळी टाकल्याही होत्या. वीस वर्षं ही वनस्पती ओळखते मी. पण त्या दिवशी माझं सगळं लक्ष वेलांवर होतं.

स्वतःचाच फार राग आला. यमुनाबाईंनी मात्र उगाच वेळ घालवला नाही. “चला, अजून थोडीच हाये. फुलावर यायच्या आत काढून टाकू.” सगळ्यांनी मिळून चार दिवसांत ती वेचून काढली, मीही गुडघाभर चिखलात होते. रिपोर्टमध्ये ‘प्रादुर्भावाचे कारण’ असा रकाना असतो. त्यात मी खरं ते लिहिलं, माझ्या नावासकट. साहेबांनी ते खोडून ‘नैसर्गिक’ असं केलं.

नवरात्रात यमुनाबाई ऑफिसात आल्या. टोपलीत उकडलेले शिंगाडे होते, वर ओलं तरट. ते उचलून त्यांनी आधी मला खालून-वरून दाखवलं.

“पाहून घ्या मॅडम. तरटच हाये.”

साहेबांनी दोन शिंगाडे सोलून खाल्ले आणि म्हणाले, “बघा, शेवटी मशीनचा फायदा झालाच ना.”

घाटावरच्या त्या आजोबांना थोडे शिंगाडे द्यायचे होते, ते मी बाजूला काढून ठेवले.