बँक बुडाली तर जावई कशाला?

आमच्या मामाला सगळी बँक 'बुडालातर' म्हणायची. म्हणायची पाठीमागं, पण मामाचे कान सशाचे. त्याला त्याचा राग नव्हता. उलट कुणी चुकून खऱ्या नावानं हाक मारली की तो इकडंतिकडं बघायचा.

कामच तसलं होतं त्याचं. बँका एकमेकींशी सौदे करतात. भाव आज ठरवायचा, देवाणघेवाण काही महिन्यांनी करायची. मधल्या काळात समोरचा गडी बुडाला तर तोच सौदा दुसऱ्या कुणाशी तरी त्या दिवशीच्या भावानं नव्यानं करावा लागतो. त्यात केवढा फटका बसेल ते मामा आधीच मोजून ठेवायचा आणि प्रत्येकाला वेसण घालायचा: याच्याशी व्यवहार एवढाच, याच्यापुढं पाऊल नाही. सौदे करणारी पोरं त्याच्या टेबलासमोरून जाताना चपला हातात घेतल्यासारखी जायची.

बरं, हे खूळ बँकेत ठेवून घरी यावं की नाही? शेजारी शिडी मागायला आला की मामा म्हणायचा, "न्या की. तेवढी सायकल ठेवून जा."

"अहो, मी समोरच राहतो!"

"म्हणून सायकल. लांब राहत असता तर स्कूटर ठेवून घेतली असती."

मामी कपाळाला हात लावायची. "उद्या माझ्या बहिणीनं पातेलं नेलं, तर तिचा नवरा ठेवून घ्याल."

"तो नको. त्याची किंमत दिवसेंदिवस उतरतेय."

असल्या घरात पोरीनं आपलं लग्न आपणच ठरवलं. पोरगी दातांची डॉक्टर, दोन खुर्च्यांचा दवाखाना. भल्याभल्यांच्या जबड्यात पक्कड घालणारी, पण बापाला सांगायचं म्हटल्यावर तीही आज-उद्या करत राहिली. आधाराला म्हणून तिनं मला शेजारी बसवलं.

पोरगा आला. बूड टेकलंय न टेकलंय असा सोफ्याच्या कडेला बसला. मामानं चष्मा पुसला.

"नोकरी कुठं?"

"बँकेत."

मामा खुलला. "वा! कुठल्या?"

"तुमच्याच, काका. तळमजल्यावर."

फुंकर मारून दिवा विझवावा तसा मामाचा चेहरा विझला. चहाचा घोट त्याच्या तोंडातच राहिला.

पोरगा गेल्यावर म्हणाला, "मुलगा चांगला आहे. पण नाही जमायचं."

"का? काय खोट आहे त्याच्यात?" मामीनं कंबर कसली.

"त्याच्यात नाही, त्याच्या खुर्चीत आहे. जावई म्हणजे म्हातारपणाचा आधार. उद्या बँक बुडाली तर माझी सगळी पुंजी गेली. मी धावत जावयाकडे जाणार, तर हा माझ्याच शेजारी गटांगळ्या खातोय! ज्या दिवशी आधार लागणार, नेमका त्याच दिवशी आधारालाच आधार हवा. असलं तारण मी मोठमोठ्या शेटजींकडून घेत नाही, ते घरात घेऊ?"

"बँक बुडेल कशी? तुम्ही बसलाय ना राखणीला!"

"आणि मीच चुकलो तर?"

पोरगी उठून आत गेली. दार आपटलं असतं तर बरं वाटलं असतं. तिनं ते हळूच लावलं. त्यानंतर तिचं बापाशी बोलणं मिठाला आणि किल्लीला आलं, त्यापलीकडं नाही.

पोरगाही चिवट निघाला. त्यानं नोकरी सोडली आणि रस्त्यापलीकडच्या बँकेत कमी पगारावर चिकटला. मामाला कळलं तसा तो मांडीवर थाप मारून म्हणाला, "बसला मर्यादेत! आता हरकत नाही." लग्नाचा दिवस ठरला, हॉल ठरला.

हॉलवाल्याला होकार कळवून आम्ही घरी पोचतोय तोच टीव्हीवर बातमी: रस्त्याच्या अलीकडची बँक आणि पलीकडची बँक एक होणार.

मामानं ती उभ्यानं ऐकली, बसून ऐकली, मग पुन्हा उभा राहिला. तेवढ्यात पोरग्याचा फोन.

"काका, आता काय करू? तिसरी बघू?"

मामानं फोन मामीच्या हातात दिला. "दोन पार्ट्या एक झाल्या की वेसणही एकच. नियम म्हणजे नियम. हॉलवाल्याला सांगा, थांब म्हणून."

"हॉलवाल्याला तुम्हीच सांगा," मामी म्हणाली, "आणि जेवायलाही तिकडंच बसा."

पोरगी नुकतीच दवाखान्यातून आली होती. खांद्यावरची पिशवीसुद्धा न उतरवता ती बापासमोर उभी राहिली.

"बाबा, हिशेबात मला धरलंय?"

"तुला कशाला?"

"आधार म्हणून. बँक बुडाली तर गावात काय होईल?"

"हलकल्लोळ."

"माणसं झोपतील?"

"कसली झोपताहेत! लागलीच झोप, तर रात्रभर दात खातील."

"आणि रात्रभर दात खाल्ले की?"

"झिजतात."

"तडकतात, बाबा. मुळापर्यंत. मग ती माणसं जातात कुठं?"

मामाची बोटं हवेत हलायला लागली. मनातल्या मनात आकडेमोड सुरू झाली की ती तशीच हलायची. "म्हणजे... बँक बुडेल त्या दिवशी..."

"माझ्या दारात रांग."

मामा मटकन खाली बसला. "सगळं बुडताना वर येणारी वस्तू! सगळा जन्म बाजारात शोधली मी. आणि ती घरातच मला दात घासा, दात घासा म्हणत फिरत होती." एवढं बोलून त्याचं कपाळ पुन्हा आक्रसलं. "पण थांब. बँकच बुडाल्यावर लोक फी कुठून देतील?"

स्वयंपाकघरातून मामी ओरडली, "सायकली ठेवून घेईल ती!"

मामा खरंच विचारात पडला. मग म्हणाला, "चालेल. त्या तळमजल्याला फोन लाव. म्हणावं, ये."

लग्न ठरलेल्या दिवशीच झालं. आहेरात मामा काय देतो याकडं पाहुण्यांचं लक्ष होतं. त्यानं पोरीला दागिना दिला नाही. दवाखान्यासाठी तिसरी खुर्ची दिली.