उपाशी खाचर

धोंडीबाआबा सकाळी शेतावर गेले की चांगलं पीक आधी बघत नसत. बांधावरून सरळ चालत जात, जिथे रोप पिवळं पडलंय, खुरटलंय तिथे उकिडवे बसत आणि मग बाकीच्या शेताकडे वळत. गोठ्यातही तेच, पहिली वैरण हाडकुळ्या कालवडीला. गावच्या लग्नात पंगतीचं बघायला उभे राहिले तर मानकरी ताटकळत आणि आबा आधी वाजंत्र्यांची पानं मांडायला लावत. कोणी कुरकुरलं तर म्हणत, "खंगलेल्याला आदी. धडधाकट काय, मागून खातो."

हे मला कोणी आधीच सांगितलं असतं तर माझं एक वर्ष वाचलं असतं.

मी लोणावळ्याची, वडील रेल्वेत. माझी पीएच.डी. मावळातल्या भातजमिनींवर होती आणि त्यासाठी आबांनी टाकवे बुद्रुकची आपली चार लहान खाचरं मला दिली होती. तीनांत वेगवेगळं खत घालायचं आणि चौथ्यात काहीच नाही. तुलना सगळी या चौथ्याशी, म्हणजे प्रबंधच त्याच्यावर उभा. आबांना मी एवढंच बजावलं होतं की इथे काही टाकायचं नाही. का, ते सांगायची मला गरज वाटली नाही. शिकलेल्या माणसाचा माज, दुसरं काय.

भात पोटरीला आलं तेव्हा चौथं खाचर हिरवंगार. मोजमापं मी तीनतीनदा घेतली. शेवटी आबांना विचारलं, तर ते टोपी काढून डोकं खाजवू लागले.

"लय खंगलं व्हतं गं. तिघांना वाढायचं आन् चौथ्याला उपाशी बसवायचं, मला न्हाई बघवलं. तू पुण्याला गेलतीस तवा चार पाट्या लेंडीखत टाकलं."

मी बांधावर बसून रडले. रागाच्या भरात नको ते बोललेसुद्धा. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, उपाशी ठेवून नेमकं बघायचं काय असतं? तेव्हा कुठे मी नीट समजावलं की खतानं किती फरक पडला, हे खत न घातलेल्या खाचराशिवाय कळणार कसं. "आदी सांगायचं व्हतं," ते म्हणाले. "मी त्याची समजूत घातली असती."

पुढल्या वर्षी त्यांनी चौथ्या खाचराभोवती बोरीच्या काट्या लावल्या. एखादी लेंडी पडेल म्हणून शेळ्यांना त्या बाजूला फिरकू देईनात. स्वतः मात्र तिथून जाताना तोंड फिरवून जात.

प्रबंध पुरा झाला, पदवी मिळाली आणि नोकरी काही मिळेना. दोन वर्षं मी एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवत होते. प्रत्येक मुलाखतीत विचारत, प्रबंधाला एवढा वेळ का लागला? मी घरगुती अडचणींचं कारण पुढे करायची. शेजाऱ्यांनी नोकरीचं विचारणं सोडून दिलं, ते तर फारच लागलं. एकदा आवणीच्या दिवसांत टाकव्याला गेले. आबांनी नुकत्याच लावलेल्या रोपांकडे बोट केलं. सगळी पिवळी पडून माना टाकून उभी होती.

"उपटून लावलं की आठ-धा दिस असंच दिसतं," ते म्हणाले. "मेलं म्हून कुनी उपटून बघतं का? मुळं धरतंय त्ये."

पुढची मुलाखत शेतकऱ्यांना शिकवणाऱ्या एका संस्थेत होती. तोच प्रश्न आला आणि या वेळी मी खरं सांगून टाकलं: लेंडीखत, माझं रडणं, समजूत, सगळं. समितीतल्या एक बाई हसल्या आणि त्यांनी विचारलं, "मग चूक कोणाची?" मी म्हटलं, माझी. का ते मी सांगितलं नव्हतं. आठवड्याभरात नेमणुकीचं पत्र आलं.

आबांना जाऊन आता वर्ष होईल. मला ते आठवतात ते, मी नोकरीचे पेढे घेऊन गेले त्या वैशाखातले. तीन खाचरांत शेणखताचे ढीग पडले होते. चौथं कोरडं, भोवती बोरीच्या ताज्या काट्या. माझं काम संपून दोन वर्षं झाली होती आणि ते त्यांना सांगायचं मी विसरले होते. मी शरमून म्हटलं, "आबा, अजून उपाशीच ठेवलंत?"

"तुला नोकरी लागली न्हवती. काम संपलं कसं म्हनायचं?" पेढा तसाच हातात धरून ते खाचराकडे बघत होते. "आता घालू का?"

मी मान हलवली. आबांनी स्वतःच्या हातांनी काट्या बाजूला केल्या, पाटी भरली आणि माझ्या डोक्यावर दिली.