बॉडीचा नंबर

आमच्या मामेसासऱ्यांनी, म्हणजे बायकोच्या थोरल्या मामांनी, उभ्या आयुष्यात कुठल्याही वस्तूवर तिचं साल पाहिल्याशिवाय विश्वास ठेवला नाही, आणि माणसांवर साल कोरलेलं नसतं म्हणून माणसांवर मुळीच ठेवला नाही. लग्नाच्या पंगतीत लोक जिलबीची वाट बघतात. हे गृहस्थ पुढ्यातला तांब्या रिकामा करून उलटा धरतात आणि बुडावर कोरलेलं नाव-साल वाचतात. "तांब्या मुलीकडचा, फुलपात्र भलत्याच घरचं. जुळत न्हाय!" असं साऱ्या मांडवाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं जाहीर करतात. माझ्या लग्नात बोहल्याकडं बघतही त्यांनी "जुळत न्हाय" म्हटलं होतं. ते फुलपात्राबद्दलच होतं, असं बायको आजतागायत सांगते. मी खोलात गेलो नाही.

मामा मूळचे करमाळ्याकडचे, सोलापुरात गिरणीत फिटर. गिरणी बंद पडली, आणि हातात एक कानस, सोनाराचं भिंग आणि एक नाद एवढंच उरलं. नाद म्हणजे जर्मन लष्कराची जुनी पिस्तुलं ओळखणं. आता सोलापुरात चादरीचा पोत ओळखणारे गल्लोगल्ली भेटतील, पण "आमचे मामा पिस्तुलं ओळखतात" म्हटलं की ऐकणारा दोन पावलं मागं सरकतो. पुण्या-हैदराबादचे संग्राहक आपापल्या लायसनच्या पिस्तुलांचे फोटो मामांना फोनवर पाठवतात आणि शिव्या खातात. "अवो, फोटो पिस्तुलाचा काडा की! तुमचा अंगटाच लई दिसतोय!" मग भिंग लावून गरुडाचा शिक्का बघायचा, वरच्या भागावर ठोकलेलं साल वाचायचं, आणि शेवटी ठरलेला प्रश्न: "बॉडीचा नंबर बगितला का?"

ही बॉडीची भानगड मला त्यांनी इतक्यांदा सांगितली आहे की झोपेतही सांगेन. कारखान्यात पिस्तुलाच्या वरच्या नळीवर आणि खालच्या बॉडीवर एकच नंबर ठोकत. दोन्ही जुळले तर पिस्तूल अस्सल. नाही जुळले तर कुणीतरी दोन पिस्तुलं मोडून एक केलेलं, आणि मग वरचं साल हे फक्त वरच्या भागाचं, साऱ्या पिस्तुलाचं नव्हे. "नुस्तं वरचं साल वाचून तारीक सांगतो, त्यो नवशिका," मामा म्हणत. एकदा एक घरंदाज गृहस्थ आजोबांना बक्षीस मिळालेलं पिस्तूल घेऊन मोटारीनं आले. मामांनी भिंग लावलं आणि म्हणाले, "ह्ये दोन पिस्तुलांचं लगीन लावलंय कुनीतरी. आन् तेबी आजोबा गेल्यावर." पाहुणे चहा अर्धा टाकून गेले. मी म्हटलं, "मामा, जरा गोड बोलायला काय जातं?" तर म्हणाले, "जावईबापू, गोड बोलून साल बदलत न्हाय."

असा हा माणूस, आणि त्याच्या स्वतःच्या घरात जे पिस्तूल होतं त्याची बॉडी त्यानं कधी बघितली नव्हती. कुणाला खरं वाटेल?

ते पिस्तूल वडिलांचं. मामा पोटात असताना वडील लढाईवर गेले. एक्केचाळीस साली ते पडल्याची तार आली. लढाई संपल्यावर त्यांचा एक सोबती ट्रंक देऊन गेला, त्यात हे जर्मन पिस्तूल. पंचविशीत मामांनी ते पहिल्यांदा नीट पुसलं, तर वर साल ठोकलेलं, बेचाळीस! म्हणजे तारेनंतरचं. एक्केचाळीसला मेलेला माणूस बेचाळीसचं पिस्तूल मिळवील कसा? मामा तसेच करमाळ्याला गेले आणि आईला म्हणाले, "आई, बाप तवा जित्ता हुता." आईनं हातातलं काम खाली ठेवलं. आत जाऊन कपाळाला कुंकू लावलं. भावकीनं नावं ठेवली, बायकांनी हळदीकुंकवाला बोलावणं बंद केलं, पण म्हातारीनं ते कुंकू मरेपर्यंत पुसलं नाही. गेली तेव्हा मामांनी तिला हिरवं लुगडं नेसवून, ओटी भरून, सवाष्णीसारखी नेली. तिच्या नावाच्या वाट्या नातेवाइकांत वाटल्या. त्यांवर मामांनी स्वतः कोरलं होतं, "कै. सौ." आमच्या घरी मीठ त्याच वाटीत असतं.

बॉडीचा नंबर बघायचा असतो हे मामांना कळलं ते यानंतर काही वर्षांनी. त्या दिवशी त्यांनी पिस्तूल आईच्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलं, आणि पुन्हा सोडलं नाही.

निवडणूक लागली की लायसनची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. दर वेळी मामा ते गाठोडं छातीशी धरून माझ्या स्कूटरवर मागं बसत, आणि ओळखीचे हवालदार न सोडताच पावती देत. यंदा तिथं नव्या हवालदारबाई होत्या, अक्कलकोटकडच्या. कामाला चोख. त्यांनी सरळ गाठी सोडल्या. मामा "अवो बाई, अवो बाई" म्हणेपर्यंत त्यांनी लायसनवरचा नंबर नळीशी ताडून बघितला. तो बरोबर निघाला. मग पिस्तूल फिरवून म्हणाल्या, "आजोबा, खाली दुसराच नंबर हाय की."

मामा म्हणाले, "परत वाचा." बाईंनी वाचला. "अजून एकदा." बाईंनी पुन्हा वाचला, आता जरा हळू. मामांनी खिशातलं भिंग काढलं, हातात धरलं, आणि न वापरता परत ठेवलं. म्हणजे बेचाळीस हे साल फक्त वरच्या भागाचं, आणि तो सोबत्यानं नंतर बसवलेला. बॉडी तेवढी वडिलांची. तार खरी होती.

पावती मीच घेतली. वाटेत ते एवढंच म्हणाले, "तुमच्याकडं चला." घरात आल्यावर त्यांनी भाचीकडं ती वाटी मागितली. तिनं मीठ ताटलीत ओतून वाटी दिली. मामांनी भिंग लावलं. त्यांच्या दुसऱ्या खिशात कानस असते हे मला माहीत होतं. चुकलेला शिक्का या माणसानं जन्मात कधी राहू दिला नव्हता. एवढा हट्टी माणूस, पण त्या घटकेला मला त्याची फार माया आली.

"‘सौ.’ मीच घातला," मामा म्हणाले. "नवशिका हुतो."

बायको रडत होती. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "मामा, आईंना कुठं ठाऊक होतं?" त्यावर त्यांनी भिंग खिशात ठेवलं. मग वाटी धोतराच्या सोग्यानं पुसून भाचीच्या हातात दिली.

"भर मीठ," म्हणाले. "आन् घासताना त्या अक्षरावर लई जोर देऊ नगं."